स्टूल

रविवारी वैजूनं ओढून नेलं मला
हायवेकडच्या त्या नव्या, मोठ्या मॉलला.
"वहिनी, दुकानाबाहेरचं जग बघा की जरा."
म्हटलं, जग रोज येतंय की माझ्याकडं,
साडी काखोटीला मारून, फॉल लावायला.

तरी गेले.
दारात एका पोराला पर्स उघडून दाखवली.
त्यानं आत न बघताच म्हटलं, जावा.

आत गारवा, आणि माणूस.
जोतिबाच्या चैत्रात असतं तेवढं माणूस,
पण अंगावर गुलाल नाही कुणाच्या
आणि कुणी कुणाला "सरका वाईच" म्हणत नाही.

सरकत्या जिन्यापाशी गडहिंग्लजकडची एक म्हातारी
काष्टा सावरत उभारलेली.
चौघांना पुढं सोडलं, मग आठांना.
मागनं कोण तरी ओरडलं,
"आजी, टाका की पाय, बस नव्हं ती सुटायला!"
"बस थांबती तरी," म्हातारी म्हणाली,
आणि कोपऱ्यातला साधा जिना शोधून काढला तिनं,
जो आम्हाला कुणाला दिसलाच नव्हता.

राजारामपुरीतलं आमचं हिरण्यकेशी शॉपिंग सेंटर.
एक्क्याण्णव साली बिल्डरनं बोर्डावर
असाच सरकता जिना रंगवला होता.
तेव्हा तेच मोठं.
बायका नुसतं बघायला यायच्या, हातात पिशवी न घेता.
जिन्याच्या जागेत आता झेरॉक्सवाला बसतो.
बावीस गाळे, त्यातले अकरा उघडे.

खोटं कशाला बोलू,
आमच्या बाथरूमची किल्ली चहावाल्या मुरगूडकरांकडं असते.
मागायला गेलं की सगळ्या सेंटरला कळतं.
वीस वर्षं मी दुपारचं पाणी बेतानं पितेय.
मॉलमध्ये दोनदा जाऊन आले.
आरसा, साबण, हात पुढं केला की पाणी.
कुणाला काही सांगावं लागलं नाही.

मग खालच्या मजल्यावर, अत्तरांच्या काचेपाशी,
कुणीतरी कागदाची पट्टी पुढं केली.
"मॅडम, ट्राय करणार?"
काळा गणवेश, केस घट्ट मागं.
अत्तारांची तरन्नुम.

तिचे अब्बा गाळा नंबर नऊ, माझ्या भिंतीला भिंत.
गिऱ्हाइकाच्या कानात अत्तराचा बोळा घालायचे,
गिऱ्हाईक नसलं की माझ्या हातावर ठेवायचे.
ही शाळेतनं यायची ती माझ्या स्टुलावर बसून
मशीनच्या तालावर पाढे म्हणायची.
सतराच्या पाढ्याला मी मशीन थांबवायची.

मागं कोटवाला एक जण उभा होता.
तिनं पट्टी माझ्या नाकाशी धरली
आणि ओठ न हलवता म्हणाली,
"अकरापास्नं उभारलोय, काकी.
बसू देत नाहीत."
मग मोठ्यानं,
"नवीन आहे, मॅडम. आठ तास टिकतं."

किंमत बघितली:
पंचेचाळीस साड्यांचा पिको-फॉल.
घेणार नव्हतेच.
म्हटलं, ती दाखव गं, अगदी खालच्या कप्प्यातली.
ती काढायला तिला गुडघे टेकावे लागले.
टाचांवर बसली. टेकली जरा.
ही नको, तिच्या शेजारची.
तीपण नको, पलीकडची.
कोटवाला बघत होता,
बाई भलतीच चोखंदळ दिसते.
नऊ बाटल्या हुंगल्या मी, एकेक करून, सावकाश.
आयुष्यात कुठल्या दुकानदाराला एवढा त्रास दिला नव्हता.

बाहेर स्कूटर सापडायला अर्धा तास.
वैजू फुगलेली. "एवढं काय हुंगत होता?"
मी काही बोलले नाही.

सोमवारी दुकान उघडलं.
पर्समध्ये नऊ पट्ट्या,
वासात वास मिसळून कशाचाच राहिला नव्हता.
नंबर नऊला कुलूप, कुलपावर धूळ.
माझ्या स्टुलावर कुणाच्या तरी सहा साड्या
शनिवारपासून पडून होत्या.

त्या उचलून मी खाली सतरंजीवर ठेवल्या.