येलूचे हात

पहिल्या पुस्तकात येलूला हात नाहीत.
म्हणजे आहेत, पण खिशात.
चिंचेवर चढतो, सायकल चालवतो,
बंबातलं पाणी सांडून पळतो,
सगळं खिशात हात घालून.
मुलांना वाटलं, काय ऐट आहे पोराची.
मला बोटं काढता येत नव्हती, एवढंच.

नाक मात्र पायरी-पायरीचं.
ते नायनांकडून आलं.
नायना साखर पेठेत चादरींचे ग्राफ भरायचे,
एक चौकोन, एक धागा,
लाल पेन्सिल, मग निळी, मग परत लाल,
आणि भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट,
ज्यात आम्ही जेवलो, भांडलो, परीक्षेला बसलो.
"ह्याच्यात गोल येतच नाही की," मी रडकुंडीला.
"नसतोच गं गोल. पायऱ्याच असतात.
लांब जाऊन बघ."
मी दारापर्यंत मागे गेले.
मोराची मान वळली.

दुसरं पुस्तक पुण्यात काढलं.
येलूचे डोळे बशीएवढे झाले,
बुबुळात दोन-दोन पांढरे ठिपके,
तेव्हा सगळेच तसे काढायचे.
केस कायम वाऱ्यावर.
आमच्याकडे मे महिन्यात कुठला आलाय वारा?
पुस्तक खपलं, चांगलंच खपलं.
मी ते कुणाला भेट देत नाही.

हात आले ते अक्कामुळे.
नायनांच्या मोतीबिंदूसाठी महिनाभर घरी होते.
अक्का उंबऱ्यात, मांडीवर सूप,
पान कातरायचं, चिमूट तंबाखू, वळायचं,
टोक दुमडायचं, दोरा,
हजार झाल्या की मान वर.
दीड वही भरली मी नुसत्या तिच्या बोटांनी.
"काय काढायलीस माझं?"
"बोटं."
"त्यात काय बघायचं? नख बघ हे,
झिजून निम्मं राहिलंय."
तेही काढलं.

पुढच्या पुस्तकात येलूने खिशातून हात बाहेर काढले.
मोठे होते, त्याच्या वयाला न शोभणारे.
संपादक म्हणाले, जरा लहान करा.
नाही केले.
मग बाकीचं आपोआप हलायला लागलं,
खांदे उतरले,
हातच बोलतायत म्हटल्यावर डोळे आक्रसून तिळाएवढे झाले,
तोंड तर एका पुस्तकात काढायचंच विसरले,
कुणी विचारलं नाही.

आता पहिल्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची आहे.
"चित्रं आत्ताच्यासारखी करून द्या."
बसले. चिंचेचं पान पुन्हा काढलं.
फांदीला एक हात, खोडाला एक हात,
बरोबर, तोल सांभाळलेला,
आणि एकदम फिकं.
हातांनी झाडावर चढणारा पोरगा काय,
कुणीही असतो.

अशोक चौकातल्या शाळेत दोन्ही येलू शेजारी ठेवले.
स्रवंती नावाची तिसरीतली मुलगी पुढे आली,
बघितलं, परत बघितलं.
"हा येलू.
आणि हा त्याचा मोठा भाऊ.
त्याला काम लागलंय."
बाई हसल्या. मी वही मिटली.

जुनीच चित्रं छापा, असं कळवून टाकलं.

संध्याकाळी नायनांनी दोन्ही पानं मागितली.
भिंग, खिडकीचा उजेड,
पेन्सिल धरल्यासारखं बोट नाकावरून खाली आणलं,
ओठ पुटपुटत, धागे मोजायचे तसे.
"इथं पाच होत्या," म्हणाले,
"आता चारच. एक पायरी कधी काढलीस?"

मला माहीतच नव्हतं.

रात्री अकराही पुस्तकं फरशीवर पसरून बसले आहे.
इथे पाच आहेत.
इथे नाक केसांनी झाकलंय.
इथे चार.