पडवीतली भाषा

हर्णैच्या बंदरात मोठी बोट वाळूला लागत नाही.
तिचा तळ खोल. ती बाहेरच नांगर टाकते
आणि एक पातळशी होडी तिच्या कुशीतून सुटते,
टोपल्या घेऊन, गुडघाभर पाण्यापर्यंत.

हे मी रोज बघत होतो सोसायटीच्या खिडकीतून,
तरी कळायला दोन वर्षं लागली.

माझा प्रोग्राम मोठा होता.
लिलाव, बर्फ, डिझेल, बँकेचा हप्ता, सगळं त्याच्या पोटात.
आणि लखमा तांडेल यायचा, दारातच उभा राहायचा:
"आमचे बोटीवर तांडेलाला दोन वाटे नाय, दीड."
मग दुसरा कोणी: "आमचा भंडारी बारका पोर हाय, त्याला पाव."
दर वेळी मी सगळं उसवायचो, एक आकडा बदलायचो,
परत शिवायला घ्यायचो, तोवर वीज जायची.
सव्वीस बोटी, सव्वीस रीती,
आणि मी, एकेका टोपलीसाठी
अख्खी बोट वाळूवर ओढणारा.

शेवटी बंदीच्या दिवसांत, बोटी झापांखाली असताना,
त्याच्या आत एक छोटी भाषा बसवली.
बावीस शब्दांची. जर, तर, जोवर, वाटा, वजा.
तिने फक्त सांगायचं, चालवायचं त्याने.

तिला पडवी दिली. माजघर नाही.
बँकेच्या खात्याला हात लावायचा नाही,
कुठली फाईल पुसायची नाही,
पाणी मागितलं तर तांब्या बाहेर येईल.
देवघेव सगळी एका उतरंडीतून:
तू मडकं ठेव, मी उचलतो,
शेवटचं ठेवलेलं आधी.

हिशेबाला बसणारी मेहरून सोलकर आठवड्यात शिकली,
आणि आठव्या दिवशी तिने 'जोवर' लिहिलं,
थांबायचं कुठे ते लिहायचं राहिलं.
साडेचारचा लिलाव. पापलेटचा भाव बोलणाऱ्याच्या ओठावर,
पडदा गोठलेला,
बर्फ तेवढा वितळत होता.
त्या रात्रीपासून मी पाहुणीची पावलं मोजतो.
एक लाख झाली की उठायचं, वाक्य अर्धं असलं तरी.

मार्गशीर्षात 'जलकन्या'वरचा हिराजी पावसे परत आला नाही.
अकराव्या दिवशी मी यादीतून त्याचं नाव काढलं.
काढावंच लागतं.

शनिवारी वाटप मध्येच थांबलं. लाल अक्षरांत:
ओळ चौदा. 'हिराजी पावसे' या नावाला काही किंमत नाही.

हे वाक्य माझंच.
कधीतरी चहा पितापिता लिहिलेलं, पुन्हा न वाचलेलं.
लखमा समोर उभा होता. त्याला वाचायला वेळ लागतो.
अक्षरागणिक त्याचे ओठ हलत होते,
आणि मला वीज जावी असं वाटत होतं.
त्या दिवशी गेली नाही.

शून्य असतं तर चाललं असतं.
शून्य हाही आकडा, त्याला रांगेत उभं राहता येतं.
हे शून्य नव्हतं. त्याच्या जागी काही नव्हतंच.

मेहरूनने कीबोर्ड स्वतःकडे ओढला,
खारट हवेने 'व' अडकतो, तो दोनदा दाबला:

जर नाव नसेल
तर वाटा = एक, शिमग्यापर्यंत

शिमगा म्हणजे काय ते पाहुणीला ठाऊक नव्हतं.
मी माजघरातून तारीख आणून उतरंडीवर ठेवली.
वाटप पुढे सरकलं.

पुढच्या शनिवारी कुणी चुकून टाइप केलेल्या
एका 'पावशे'लाही एक वाटा निघाला,
ते निस्तरता निस्तरता पहाटेची अजान झाली.
तिचा नियम मी तसाच ठेवला, जरा आवळून.
माझं वाक्य मात्र बदललं.
आता तिथे येतं:
हे नाव मला सापडत नाही.