दुय्यम प्रतीचा कागद

आमच्या गावात नदीवरून वार कळायचा.
सोमवारी गुलाबी, म्हणजे गिरणीत टिश्यूचा माल चालू.
बुधवारकडे पिवळट. शनिवारी यंत्रं धुतली
की दुधाळ, आणि फेस पुलाच्या खांबांना
न्हाव्याने अर्ध्यात सोडल्यासारखा.
रविवारी तेवढी ती बिनरंगाची.
वासाचं म्हणाल तर उकडून विसरलेला कोबी.
वडील म्हणत, पगाराचा वास आहे हा.
ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी,
असं आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नसे.
वाजवत मात्र सगळेच.

एकोणीसशे सत्तर, विस्कॉन्सिन, एप्रिलची बावीस.
जीवशास्त्राच्या नीगार्ड सरांनी फळ्यावर लिहिलं:
आज पृथ्वीचा दिवस. तास होणार नाहीत.
तास होणार नाहीत, एवढंच आम्ही वाचलं.

आर्लिस हेडस्ट्रॉमने शवपेटी आणली,
फ्रिजच्या खोक्याची, काळा रंग फासलेली.
आत लोणच्याच्या बरणीत भरलेली नदी.
फलकाला कागद हवा होता, लांबच लांब.
माझे वडील आणतील, असं मीच म्हटलं होतं
आठवडाभर आधी, फुशारकीने,
कारण आर्लिस ऐकत होती.
आणि त्यांनी आणलाही,
गुंडाळीचं उरलेलं टोक, कडेला तेलाचा डाग,
बाजारात न जाणारा माल.
कशाला, विचारलं नाही.
शाळेचं काहीतरी, म्हटलं मी,
आणि त्यावर हिरव्या रंगात हातभर अक्षरं काढली:
ही नदी कोणी मारली?

ट्रम्बोन एकच, तोही थंडीने गारठलेला.
पुढे शवपेटी, मागे आम्ही,
आमच्यामागे दोन कुत्री आणि मेथॉडिस्ट बायका
सँडविचच्या परातींसह.
तीनला गिरणीच्या फाटकाशी पोचलो
तर पाळी सुटत होती.
दोनशे माणसं, हातात पत्र्याचे डबे,
रस्ता आमचाही, त्यांचाही.
कुणी हसलं नाही. कुणी शिवीही दिली नाही.
त्यातून काझिमिर वोयताशेक पुढे आले, माझे वडील,
अक्षरांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.
कागदाची कड अंगठा आणि बोटात धरून
चुरली, जशी ते ब्रेडची चुरत.
म्हणाले, उलट्या अंगावर लिहायचं गं.
या अंगाला रंग धरत नाही.

तेवढ्यात गारांचा भुरभुर बर्फ सुरू झाला,
आमच्याकडचा एप्रिल असाच.
हिरवा रंग ओघळून मनगटापर्यंत आला,
कागद मधोमध फाटला.
'ही नदी' आर्लिसच्या हातात.
माझ्या हातात, वडिलांच्या अगदी समोर:
कोणी मारली?

त्यांनी तो तुकडा माझ्याकडून घेतला,
ओला, चार घड्या घातल्या, डब्यात ठेवला.
जेवताना त्याचा विषय निघाला नाही.
पुढेही कधी नाही.
आईने डबा घासला तेव्हा
हिरवं पाणी निघालं असणार.

जमीन गोठलेली, बरणी पुरता आली नाही.
सगळ्यांनी सँडविचेस खाल्ली.
परतताना पुलावरून पाहिलं:
कागदी पेले तरंगत चाललेले, आमचेच,
पिवळट पाण्यावर, ओळीने, शिस्तीत.

आर्लिस पुढे कुठे गेली, ठाऊक नाही.
गिरणी बंद पडली; कुलूप घातलं
तेव्हा भाषणंही झाली नाहीत.
आता नदीचा तळ दिसतो.
माणसं वॉलआय धरतात, तोलतात, फोटो काढतात
आणि पुन्हा पाण्यात सोडून देतात,
कारण महिन्यात एकच खावा, असं पाटीवर लिहिलंय.
चिखलात काय मुरलंय ते चिखलाला माहीत.

वडिलांचं शेवटचं वर्ष.
सकाळी त्यांना पुलापर्यंत न्यायचे मी.
कठड्याला धरून ते खाली बघत राहत,
खूप वेळ, घड्याळ बघावं तसं.
मग विचारत, आज वार कोणता?
मंगळवार, बाबा.
ते माझ्याकडे बघत, पुन्हा खाली,
मी काहीतरी लपवतेय अशा नजरेने.

पाणी तर रविवारचं आहे, म्हणत.