शेऱ्याचा रकाना

बर्फ कारखान्यातला संगणक
टेम्पोत मासळीच्या रिकाम्या क्रेटवर बसून आला.
चालू केला तर तीनदा ओरडला.
पडदा काळाच.
तीन लांब हाका, म्हणजे मेमरी सापडत नाही.

झाकणाचे चार स्क्रू काढले.
आत धूळ, एक वाळकी पाल,
आणि सोनेरी दातांवर
खाऱ्या वाऱ्याने चढवलेला हिरवट थर.
हर्णैत दाराच्या कड्या गंजून गळतात,
यांचं बोलणं तर केसाएवढ्या तांब्यावरून चालतं.

त्या वाटेचं नाव बस.
दापोली-हर्णै नव्हे, हिला वेळ पाळावीच लागते.
प्रोसेसर पत्ता पुकारतो,
ऐकतात सगळे,
ज्याचा पत्ता तोच उत्तर देतो,
बाकीचे तारेवरचा हात काढून घेतात.
गारगोटीचा एक कण ठेका धरून बसलेला,
त्याच्या ठोक्याबाहेर कुणी ब्र काढत नाही.
(बंदरावरच्या लिलावात हे जमवून दाखवा.)
कुणी गप्प राहिलाच
तर ठरलेले ठोके थांबायचं आणि पुढे जायचं.
रुसवा नाही.

भाचीच्या कंपासातला खोडरबर घेतला,
मेमरीची पट्टी उपसून
एकेक दात घासला.
खाचेत बसवली: टक्.
एकच आखूड बीप.
म्हणजे सगळे हजर.

तपासायला म्हणून हिशोब उघडला.
तारीख, होडी, लाद्या, उधारी, शेरा.
दिवसपाळीला हरेश्वर चोगले,
रातपाळीला हिराजी, धाकटा.
नऊ वर्षं बोलत नाहीत,
अख्ख्या पाजपंढरीला ठाऊक.

शेऱ्यात होतं:
कॉम्प्रेसर तापतोय.
बघितला. तेल घातलं.
आईला दापोलीला नेली, डाव्या डोळ्याचं.
पैसे ड्रॉवरात.
पोचले.
मग एका ओळीत काहीच नाही, नुसतं टिंब.
त्याखाली, दुसऱ्या पाळीत,
दुसरं टिंब.

फाइल मिटली.
कुणाचं जेवणाचं ताट उघडं दिसावं, तसं झालं.

संध्याकाळी हरेश्वर आला.
मी पाचशे म्हटले, त्याने चारशे ठेवले.
लाद्यांचं विचारलं नाही, उधारीचं नाही.
यंत्र खांद्यावर घेतलं
आणि दाराकडे तोंड करून म्हणाला,
"त्या शेवटच्या रकान्यातलं
काय पुसलं नाय ना गेलं?"