पाहून घेतो

आठवीच्या पुस्तकात, खिचडीच्या डागाच्या पानावर
एक क्रियापद येतं : मिसकन्स्ट्रू.
फळ्यावर लिहिताना खडू मोडला.
‘मिस म्हणजे?’
‘कॉल!’ अख्खा वर्ग.
‘आणि कन्स्ट्रू?’
मागच्या बाकावरून बादल टेकाम, हळूच,
‘स्क्रूसारखं असंल कायतरी. ढिला होनारं.’
हसले सगळे. मीही.
बादल, तू फार चुकला नाहीस.

अर्थ लावणे, पण वाकडा.
समोरच्याने मूठ पुढे करून दिलेला विळा
पात्याकडून धरणे
आणि मग हात दाखवत हिंडणे.

मोनालीने विचारलं, ‘मराठीत काय म्हनाचं याले?’
‘गैरसमज होणे,’ म्हटलं
आणि तिथेच अडले.
आपल्याकडे गैरसमज होतो,
सर्दी होते, उशीर होतो, संध्याकाळ होते तसा.
कुणी करत नाही.
हे क्रियापद मात्र दारात उभं राहतं
आणि विचारतं, कोणी?

वाक्यात उपयोग :
शी मिसकन्स्ट्रूड हिज वर्ड्स.
‘शी कोन, म्याडम?’

नऊ वर्षांपूर्वी कोरेगावाकडून इथे आले,
एक ट्रंक, एक स्टोव्ह, आणि ‘काऊन’चा अर्थ ठाऊक नाही.
मार्च होता. शाळेची टाकी कोरडी.
ग्रामसभेत बोलले, जरा जास्तच बोलले.
नाव कुणाचं घेतलं नाही,
पण पाणी कोण सोडतं हे गावाला माहीत होतं.
झितरूजी कुमरे उठले,
खांद्यावरचा दुपट्टा झटकला,
सगळ्यांदेखत म्हणाले,
‘म्याडम, तुमचं मी पाहून घेतो.’

आमच्याकडे हे वाक्य
बांधावरच्या भांडणाच्या शेवटी म्हणतात.
घरातली बाई मग कुऱ्हाड लपवून ठेवते.

रात्रभर खोलीला आतून कडी.
सकाळी अर्ज : ‘जीवितास धोका.’
अक्षर माझं चांगलं आहे, पहिल्यापासून.

त्यांना ठाण्यात दिवसभर बसवून ठेवलं.
इकडे शाळेच्या भिंतीला एक शिडी
दिवसभर तशीच टेकलेली.
टाकीच्या झाकणावर पेपरात गुंडाळलेला नवा व्हॉल्व्ह.
तो आणायला ते पहाटे सायकलने तालुक्याला गेले होते,
पैसे स्वतःचे,
हे मला तिसऱ्या दिवशी शिपायाने सांगितलं,
झाडू मारता मारता, माझ्याकडे न बघता.

चौथ्या दिवशी टाकी भरली. भरून वाहिली.
पोट्टे ओंजळी धरून नाचले.
अर्ज मी मागे घेतला.
अर्ज मागे घेता येतो.

पुस्तकात खाली पॅसिव्ह दिलंय :
हिज वर्ड्स वेअर मिसकन्स्ट्रूड.
त्याच्या शब्दांचा विपर्यास केला गेला.
बघा, कर्ता काढला तरी वाक्य उभं राहतं.
‘म्हंजे चोरी झाली,’ बादल म्हणाला, ‘पन चोर नाई?’

पुसलं. पुन्हा पहिलं वाक्य लिहिलं.
‘शी’ पुसून ‘आय’ केलं.
कुणी विचारलं नाही, आय कोन.

घंटेआधी मोनालीचा हात वर.
‘आपल्यातबी हाय ना म्याडम, गैरसमज करून घेने.’
करून घेणे.
पाहून घेणे.
तेच घेणे, त्याच गावात.

दुपारी झितरूजी व्हॉल्व्हपाशी उकिडवे बसले होते.
आता त्यांना कमी ऐकू येतं.
जवळ गेले, वाकले,
नऊ वर्षं घोकलेलं एकदाचं म्हटलं,
‘झितरूजी, मला माफी...’
‘पानी?’ ते म्हणाले,
‘हो हो, सोडतो ना. काऊन घाबरता?’
आणि किल्ली फिरवली.