बेबाकी

फॉर्मवर सात चौकोन आहेत. सात सह्या.
ग्रंथालय, वसतिगृह, कार्यशाळा, लॅब एक, लॅब दोन,
जिमखाना, लेखा.
जिमखाना आपल्याकडे नाहीच, मी म्हटलं.
सोनवणे क्लार्क मान वर न करता म्हणाले,
सही मात्र लागते.

मार्च संपत आलाय. सोनगीरच्या किल्ल्यावरून ऊन उतरतं
ते थेट ह्या दर्शनी काचांवर.
महामार्गाच्या बाजूने सगळी काच,
मागच्या भिंतीला अजून गिलावा नाही.
आम्ही डबे मागच्या बाजूला खायचो,
विटांना पाठ टेकून.

फाटकावरच्या फ्लेक्समधली मुलगी अजून हसते आहे.
तिच्या मागे उंच इमारती, शेजारी शंभर टक्के.
ती आमच्या बॅचची नव्हती, कुठल्याच बॅचची नव्हती.
आमच्यातला गोकुळ टोलनाक्यावर बसतो,
अडकलेल्या गाड्यांचे नंबर टाइप करतो;
कॉलेजच्या यादीत तो 'आयटी क्षेत्र'.
उज्ज्वल बागूल बंगळुरूला पोचला.
तो कुठूनही पोचला असता, असं सगळे म्हणतात.
म्हणोत. पहिला कीबोर्ड त्यानं इथेच दाबला,
मी शेजारच्या खुर्चीत होते.

कमिटी यायची होती त्याच्या आदल्या रात्री
फार्मसीच्या कॉलेजातून टेम्पो आला.
चाळीस मशिनं. आम्हीच उतरवली, आम्हीच मांडली,
सकाळी त्यांच्यासमोर बसून गंभीर चेहरे केले.
संध्याकाळी परत चढवताना मोजली तर एकोणचाळीस.
हिलाल अप्पा म्हणाले, रातले मोजानं चुकनं व्हई.

ते चाळिसावं लॅब दोनमध्ये, पडद्यामागे.
पाचनंतर, शेवटची बस सुटेपर्यंत,
अप्पा त्याचं झाकण काढायचे.
दहावी पास माणूस, कंत्राटी, चार महिने पगार नाही,
आणि पंख्यावरची धूळ फुंकत विचारायचा,
पदवी ऱ्हाऊ दे पोरी, तुले काय येस ते सांग.
मला काही येत नव्हतं.
मग थोडं यायला लागलं.

पुण्याच्या मुलाखतीत त्यांनी कॉलेजचं नाव दोनदा विचारलं,
तिसऱ्यांदा विचारलं नाही.
पुढचा तासभर जे विचारलं ते पडद्यामागचं होतं.
पण त्यांच्या पोर्टलवर आधी एक रकाना होता.
त्यात बी.ई. भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं.
त्या एका पानासाठी दादांनी तीनांतल्या दोन ऐरणी विकल्या.
तिसरी ठेवली.
सांगता येत नाही, म्हणाले,
आणि हातातला तांब्या मठारत राहिले.

आता मी इतरांच्या चुका शोधते, त्याचा पगार मिळतो.
चांगला मिळतो, असं गावात सांगते.
दादांना हिशेब करायचा असतो, मी विषय बदलते.
कारण हिशेब लागत नाही:
पैसे काचांना गेले,
शिकले मी विटांकडे.

लॅब दोनमध्ये नवीन मुलगा आहे.
त्यानं रजिस्टर उघडलं. कासार ज्योत्स्ना भटू.
तुमच्याकडे एक माउस बाकी. तीनशे पन्नास.
मी पैसे दिले. पावती घेतली.
पडद्याच्या जागी आता कपाट आहे.
अप्पा कुठे, तर त्याला अप्पा माहीत नव्हते.

जिमखान्याची सही सोनवण्यांनीच केली,
पेन बदलून.

बाहेर रस्त्याच्या कडेला उभं राहून फोन लावला.
अप्पा नरडाण्यात कुणाच्या गोदामात कॅमेरे बसवत होते,
शिडीवरच होते बहुतेक, आवाज वरून येत होता.
कोन? कोनती बॅच? असं दोनदा.
मी माउसचं सांगितलं, ते खूप हसले.
मग मागे ड्रिल थांबलं.
आते काय येस तुले, त्यांनी विचारलं.

दोन ट्रक गेले.
हातात सातही सह्या होत्या.

मी म्हटलं, सांगते अप्पा, थांबा,
आणि ते थांबले.