निवळी

डिग्रजात आप्पांना कुणी सुरगोंडा म्हणत नाही,
टीसीएल म्हणतात.
पगारपत्रकावर पाणीपुरवठा कर्मचारी.
माझ्या दप्तराला, डब्यातल्या भाकरीलासुद्धा
त्या पावडरीचा वास.
वर्गात शिरले की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं,
आली बघ विहीर.

आई सांगलीला मार्केट यार्डात हळद निवडायची.
दिवेलागणीला दोघं एकाच न्हाणीत हात धूत.
तिचे पिवळे, काही केल्या न जाणारे.
त्यांचे भेगाळलेले, रंगच निघून गेलेले.
एकदा तिनं शालूवरचा हळदीचा डाग
आप्पांच्या बादलीत बुडवला.
डाग गेला. डागाखालचं रेशीमही गेलं,
रुपयाएवढं भोक.
तीन दिवस ती बोलली नाही.
चौथ्या दिवशी एवढंच,
डाग बरा होता.

पन्नास हजारांच्या टाकीला पाव किलो.
काट्यावर मोजून, मुठीनं कधीच नाही.
नाकाला टॉवेल, वारा पाठीशी,
बादलीत आधी पाणी, मग पावडर,
काठीनं ढवळायचं
आणि थांबायचं.
"थांबणं हेच काम हाय बघ. ढवळतंय कुणीबी."
चुना तळाला बसतो, वर निवळी येते.
निवळी टाकीत, गाळ खड्ड्यात.
अर्ध्या तासानं नळाखाली काचेची नळी,
बाटलीतल्या औषधाचे थेंब,
आणि पाणी हळूच पिवळं.
फिकं, कुणी ओलं बोट बुडवून काढावं तसं.
पिवळं दिसलं की वहीत सही.
एकदाच, कुणी ऐकत नाही बघून, म्हणाले,
"आली बघ तुझी आई नळाला."

अक्का, त्यांची थोरली बहीण,
पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची,
मग ते फडकं पुन्हा विहिरीत नेऊन खळबळायची,
जीव आपापल्या घरी जावेत म्हणून.
तिनं भर पंगतीत विचारलं,
"गोंडा, दिसाला किती मारतोस?"
आप्पांनी ताटातली आमटी कालवली, कालवतच राहिले.
ते मोजायला त्यांच्याकडे काटा नव्हता.

मग त्या ऑगस्टात कृष्णा देवळाच्या पायऱ्या चढून
आमच्या माळ्यापर्यंत आली.
उतरली तेव्हा भांड्यांत, गाद्यांत, देव्हाऱ्यात चिखल.
ट्रक आले. पावडरीची पोती, फिनेल,
अ‍ॅसिडच्या निळ्या बाटल्या. घ्या हवं तेवढं.
शेजारच्या चौगुल्यांची त्रिशला न्हाणी घासत होती.
पावडर टाकली. वास काही जाईना.
वरून अ‍ॅसिड ओतलं.
दार आतून लावलेलं.
आधी खोकला, मग बादली पडल्याचा आवाज,
मग आवाजच नाही.
साठीचे आप्पा, गुडघे धरलेले,
त्यांनी ते दार कसं मोडलं ते अजून कुणाला माहीत नाही.
तोंडाला ओला टॉवेल, काखेत पोर,
फरपटत अंगणात, वाऱ्यावर.
सिव्हिलला दोन रात्री काढून ती परतली,
आवाज घोगरा तो अजून तसाच आहे.
तिच्या नवऱ्याला आप्पा म्हणाले,
"हेबी चांगलं, तेबी चांगलं,
पर एका घरात नांदत न्हाईत ती."
आणि पुरानं काळ्या पडलेल्या आमच्याच भिंतीवर
खडूनं मोठ्ठं लिहिलं: एकत्र करू नका.
कशाचं काय, ते लिहायचं राहिलं.
येणाऱ्याजाणाऱ्यांनी आपापला अर्थ लावला,
आमच्या दोन्ही काकांनी तर फारच.

त्या वर्षी क्षमावाणीला
सगळं गाव एकमेकांपुढे हात जोडत असताना
आप्पा दिसेनात.
टाकीच्या जिन्यावर सापडले, झाकणापाशी,
चप्पल खाली काढून ठेवलेली.
मी काही विचारलं नाही.
खाली उतरल्यावर त्यांनी वही उघडली,
त्या दिवशीची सही केली.
पुरानंतर गावात हगवणीनं एकही पोर गेलं नव्हतं.
हे त्यांनी नाही, नर्सबाईंनी सांगितलं.

आता मिरजेत माझ्याकडे असतात.
फिल्टरचं पाणी देते.
पेला नाकाशी नेतात, डोळे मिटतात.
"कमी पडलंय," म्हणतात,
आणि पितात.